एक पोतं ढलप्या

परभणी,
९ सप्टेंबर २०२४

दादा,

जयभीम. त्याच्याआधी 'सप्रेम' लिहावं की नाही, यावर दहा मिनिटं पेन धरून बसले. शेवटी नुसतं जयभीम ठेवलं. तेवढं तरी तू परत करणार नाहीस.

माझ्या नंबरावरून तुला फोन लागत नाही, आणि तो का लागत नाही हे मला कळतं. आईला मात्र तू महिन्यातून एकदा करतोस. पत्ता तिच्याकडूनच घेतला. निजामाबादला ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या यार्डात तू नावं आणि नक्षी रंगवतोस म्हणे. रजिस्टर पाठवते आहे. पोचपावतीवर सही कर म्हणजे झालं, उत्तर मागत नाही.

काल रविवारी दुपारी विहारातली बुद्धाची फळी माझ्या मशीनमध्ये घातली.

माझ्या मशीनमध्ये म्हणजे सीटी स्कॅनच्या. तू गेलास तेव्हा मी बारावी होऊन घरी बसलेली होते. लग्नानंतर धम्मानंदनी मला एक्स-रेचा कोर्स करायला लावला. तुला त्यांचं नावही नको असेल, पण हे त्यांचं आहे ते आहे. आठ वर्षं झाली, परभणीत एका सेंटरवर मशीन चालवते. माणसं आत सरकवायची, श्वास धरायला सांगायचा, फोटो काढायचे. स्क्रीनवर गाठ दिसली तरी नातेवाइकांना सांगायचं नसतं. 'रिपोर्ट डॉक्टर देतील,' एवढंच म्हणायचं. या एका वाक्यावर माझी नोकरी चालली आहे.

फळीचं असं झालं. पुण्याची अर्पिता नावाची मुलगी लाकडावर काढलेल्या जुन्या चित्रांच्या मागे गावोगाव फिरते. चित्राशी तिचं फारसं देणंघेणं नाही, तिला लाकूड हवं असतं. सागाच्या झाडात वर्षाला एक वलय वाढतं, पाऊस बरा झाला तर रुंद, दुष्काळ पडला तर चिंचोळं. आदिलाबादकडच्या सागाची अशी सालवार जंत्री तिच्याकडे आहे. फळीतली वलयं तिच्याशी जुळवली की झाड कोणत्या सालापर्यंत उभं होतं ते कळतं. पूर्वी त्यासाठी फळीची कड तासावी लागायची. आता स्कॅन केला की चित्राला धक्का न लावता आतलं सगळं दिसतं.

गावाने तिला फळी दिली कशी, याचं तुला नवल वाटेल. विहार कमिटीचे अध्यक्ष अजून माझे सासरे दिनकररावच आहेत. नवा विहार बांधून होत आलाय, १४ ऑक्टोबरला उद्घाटन. तिथे पितळी मूर्ती येणार आणि फळी गोदामात जाणार, कारण ती नकली आहे असं गावाने केव्हाच ठरवलंय. अर्पिताने विचारल्यावर मामंजी म्हणाले, "घाला की मशीनमंदी. एकदा मशीननंच सांगू द्या, आमी काय खोटं बोललो न्हाई म्हनून."

नकली का म्हणतात, असं तिने मला विचारलं. मी काय सांगितलं ते लिहिते, म्हणजे मी लोकांना काय सांगते ते तुलाही कळेल.

आमचे आजोबा नागनाथ सेलूला दुकानांच्या पाट्या रंगवायचे. छप्पनला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि सेलूच्या कापसाच्या जिनिंगच्या मोडक्या दाराची एक सागवानी फळी मिळाली तिच्यावर त्यांनी गावच्या विहारासाठी बुद्ध काढला. फळीच्या मागे निळ्या रंगात लिहिलं, 'नागनाथ, सेलू, १९५७'. तेव्हापासून गावातल्या बाया दर पौर्णिमेला चित्रावरून जवसाच्या तेलाचा बोळा फिरवायच्या. पन्नास-पंचावन्न वर्षांचं तेल, त्यावर मेणबत्त्यांचा धूर आणि अगरबत्त्या. बुद्ध काळासावळा झाला, आणि गावाला तो तसाच आवडला. कडूबाई म्हणायची, "आपल्यावानीच हाय की, उन्हात राबल्याला." मग २०१३ ला माझ्या भावाने फळी दुरुस्तीला म्हणून घरी आणली आणि बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या दिवशी परत टांगली. सकाळी गाव वंदनेला आलं तर भिंतीवर गव्हाळ चेहऱ्याचा, पिवळ्या चिवराचा बुद्ध. फळी आधीपेक्षा पातळ, मागचं नाव गायब. त्याच महिन्यात नांदेडचा जुन्या वस्तूंचा एक व्यापारी दोनदा गावात येऊन गेलेला. गावाला तेवढं पुरलं. खरी फळी विकून नकली टांगली असा आळ भावावर आला. बैठक बसली. मला विचारलं तेव्हा मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. भाऊ गाव सोडून गेला.

अर्पिताने हे सगळं वहीत उतरवून घेतलं.

मशीनला पेशंटचं नाव आणि वय घातल्याशिवाय ते चालूच होत नाही. फळीचं काय नाव घालायचं, म्हणून अर्पिता हसत होती. मी काहीतरी घातलं. आई बरी आहे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय.

रोहिणी

परभणी,
१९ सप्टेंबर २०२४

दादा,

पोचपावती आली. सही बघून मला एकटीलाच हसू फुटलं. अजून सहीच्या अक्षरांनासुद्धा खालून सावली देतोस! पोस्टमन म्हणाला, "ही सही हाय का दुकानाची पाटी?"

आता ऐक. रिपोर्ट आला. फळीत चौऱ्याहत्तर वलयं मोजता आली. स्क्रीनवर ती वहीच्या पानांच्या कडा दिसतात तशी दिसतात, एकाला एक लागून, मध्येच पाच-सहा अगदी दाटीने. अर्पिता त्या दाटीवर बोट ठेवून म्हणाली, "हा बघा दुष्काळ." तिच्या जंत्रीशी ती जुळली आणि शेवटचं वलय १८९६ चं निघालं. त्याच्या बाहेरचं लाकूड सुताराने तेव्हाच तासून टाकलेलं असणार, म्हणून झाड नेमकं कधी पाडलं ते सांगता येत नाही, पण जिनिंगच्या जुन्या दाराला हे बरोबर बसतं. नवं लाकूड नाही, दादा. शंभर वर्षांच्या वरचं आहे.

मी हाफ डे टाकला, पालमची एसटी धरली आणि थेट गावात जाऊन मामंजींसमोर कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. मग घडी करून माझ्या हातात दिला.

"लाकूड जुनं हाय. बरं. मग?"

"मग फळी तीच हाय की, मामा."

"जुन्या लाकडाच्या वखारी काय कमी हायेत का? जुनी फळी घ्यायची, वर नवा रंग मारायचा. चोराला काय अक्कल नसती व्हय? तुजं मशीन लाकडाचं वय सांगायलंय. चित्राचं न्हाई."

मला वाटलं, अडाणी हट्ट आहे. संध्याकाळी अर्पिताला फोन केला तर ती म्हणाली, ते बरोबर बोलले. वलयं फक्त लाकडाबद्दल बोलतात. त्यावर रंग कुणी आणि कधी चढवला ते वलयांना ठाऊक नसतं.

घरी येऊन मी भांडी आपटली. दोन ताटांना पोचे पडलेत. मला केवढी आशा होती की मशीन बोलेल आणि माझी सुटका होईल. तुझी सुटका होईल, असं लिहायचं होतं. राहू दे, खोडत नाही.

बैठकीत तू कसल्यातरी पोत्याबद्दल बोलला होतास. ते मला आता नीट आठवत नाही. लग्न तीन दिवसांवर होतं, घरात पाहुणे होते, नुसती धांदल होती. उगीच त्या वेळचं काढत बसण्यात अर्थ नाही. आईचं ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणते.

रोहिणी

परभणी,
२९ सप्टेंबर २०२४

दादा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पहिल्या पत्रातही लिहिलं, पण ते अर्पिताच्या वहीच्या आडून.

काल ती परत आली होती. वलयांचं काम संपलं होतं, पण फोटो पुन्हा बघताना तिला काहीतरी वेगळं सापडलं. फळीच्या मागच्या अंगाला आत बारीक बोगदे आहेत, वाळवीचे. वाळवी लाकडाच्या आतून खाते, वरचा पापुद्रा शाबूत ठेवते. पण हे बोगदे पाठीवर उघडे पडलेत, उभे अर्धे कापल्यासारखे, आणि त्यांत कुणीतरी मेण आणि भुसा भरून ते लिंपलेत. अर्पिता म्हणाली, "ताई, ही फळी वाळवी लागल्यावर मागून रंध्याने तासलीय. निदान पाव इंच तरी. म्हणून पातळ झाली, आणि मागचं नावही त्यातच गेलं असणार. तुमचा भाऊ खरं बोलत होता असं दिसतंय. फक्त एक, ह्या एवढ्या ढलप्या गेल्या कुठे? त्या मिळाल्या असत्या तर प्रश्नच मिटला असता."

मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणाले, "रिपोर्ट डॉक्टर देतील."

ती खळखळून हसली, तिला थट्टा वाटली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

ढलप्या मी भरल्या होत्या. आपल्या परसात, तुझ्या समोर, खताच्या रिकाम्या पोत्यात. तुला आठवतं तसंच मलाही सगळं आठवतं. पुढून तू कापसाच्या बोळ्याने तेलाची पुटं एकेक करून काढलीस आणि आत पिवळं चिवर निघालं तेव्हा मला हाक मारून दाखवलंस. मग फळी उलटी केलीस. निळ्या अक्षरांवर नुसतं बोट ठेवलंस तर ती वाळवीच्या मातीसकट खाली गळली. "रोहे, आजाचं नाव गेलं की गं," म्हणालास. रंधा मारायला घेतलास तेव्हा तुझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. सगळं झाल्यावर मला बजावलंस, "पोतं फेकू नको. कुनी इचारलं तर दाखवायला व्हईल." मी हो म्हणाले.

पौर्णिमेला गोंधळ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी, बैठकीच्या आधी, दिनकरराव आपल्या घरी आले. तू बाहेर होतास. त्यांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "चोराच्या घरची पोरगी आमी करत न्हाई. पन तू गवाही खरी दिलीस तर तुजा काय गुन्हा? भाऊ येगळा, बहीन येगळी." खरं म्हणजे काय ते त्यांनी बशीत ओतून आणलंच होतं. मला फक्त प्यायचं होतं.

विहारात तू माझ्याकडे बोट केलंस. "ढलप्या रोहिनीनं भरल्यात. पोतं घरी हाय. तिला इचारा." सगळं गाव माझ्याकडे वळलं. दिनकररावांनी मवाळ आवाजात विचारलं, "बोल पोरी. तू भरलं व्हय पोतं?"

"न्हाई. मी काई भरलं न्हाई."

एवढंच बोलले. तू वाद घातला नाहीस, ओरडला नाहीस. माझ्याकडे नुसतं बघितलंस, जसं काही वाळवी मलाच लागलेली तुला दिसली. घरी जाऊन तू परसात पोतं शोधलंस, ते मी गोवऱ्यांच्या रचलेल्या ढिगामागे सरकवलं होतं. पहाटेच्या गाडीने तू गेलास.

कुणाच्या दबावाखाली केलं असं म्हणता येईल, मी स्वतःला अकरा वर्षं तेच सांगत आले. पण दादा, मला धम्मानंद हवे होते. मला ते घर, ती पत्र्याऐवजी स्लॅबची खोली, पुढचं शिक्षण, सगळं हवं होतं. आणि तू तर कसाही निभावशील, तुझ्या हातात कला आहे, असं मी मनाशी म्हटलं. मला लाज वाटते.

पोत्याचं पुढे काय झालं तेही सांगते, नाहीतर हे पत्र अर्धंच राहील. तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी माझी हळद होती. आंघोळीचं पाणी तापवायला जळण कमी पडत होतं. मी ते पोतं ओढत आणलं आणि चुलीजवळ ठेवलं. तोंड सुटून थोड्या ढलप्या बाहेर सांडल्या. त्यांत निळे तुकडे होते. एकावर 'ना'चा काना अख्खा होता. तो मीच आत ढकलला. माझ्या हळदीचं पाणी आजोबांच्या नावावर तापलं.

मशीनमध्ये पेशंट म्हणून मी तुझं नाव घातलं होतं. पूर्ण नाव, सिद्धोधनपासून आडनावापर्यंत, आणि वय एक्केचाळीस. तीच सीडी सोबत पाठवते आहे, वर तसंच छापून आलंय.

१४ तारखेला मी विहारात उभी राहून हे सगळं बोलणार आहे. तुला लिहून ठेवते, म्हणजे मला पळता येणार नाही.

रोहिणी

आईच्या घरून, पालम तालुका,
१५ ऑक्टोबर २०२४

दादा,

तिसऱ्या पत्राची पोचपावती आली. सही आहे, पण सावली नाही. म्हणजे दुसऱ्या पत्रातलं 'आठवत नाही' तू वाचलंस.

काल बोलले. वंदना झाली, पाहुण्यांचे सत्कार झाले, मामंजी भाषणाला उभे राहायच्या आत मी उभी राहिले. माझ्या हातात रिपोर्टचा कागद होता. मी ठरवून आले होते की आधी वलयांचं सांगायचं, मग वाळवीचं, मग हळूच पोत्याचं. उभी राहिले आणि कागद घडी करून पर्समध्ये टाकला. सरळ म्हणाले, "दोन हजार तेराला ह्याच गावाम्होरं मी खोटं बोलले. ढलप्या मीच भरल्या व्हत्या आन मीच जाळल्या. फळी तीच हाय. माजा भाऊ चोर न्हाई." मग बाकीचं सांगितलं. दिनकरराव सकाळी घरी येऊन काय बोलले तेही.

लाऊडस्पीकरची घरघर तेवढी चालू होती. मामंजी म्हणाले, "सूनबाई, घरचं घरात बोलायचं असतंय."

"मला तवा घरात न्हाई इचारलं, मामा. हितंच इचारलं व्हतं."

ते खाली बसले. भाषणाचा कागद त्यांनी खिशात घातला. मला त्यांची दयाही आली, हे तुला आवडणार नाही.

मग मागून कडूबाई उठली. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, काठीशिवाय उभी राहत नाही. म्हणाली, "म्हंजे त्याला काळा आमीच केलता?"

मी म्हणाले, "व्हय आत्या. तेलानं. दर पुनवेच्या."

"आन पोरगं पुसाय गेलं तर त्यालाच चोर केलं." ती काठीवर रेलली. कुणाकडे बघत नव्हती. "माज्याच हातचं तेल लय असंल त्याच्यावर," म्हणाली आणि बसली.

फळी नव्या विहारात लावायची की नाही, यावर कमिटीत वाद लागलाय. काही जणांना मान्य आहे, काही अजून म्हणतात की सून सासऱ्यावर उलटली म्हणून कुणी खरी होत नाही. ठरेपर्यंत फळी आईकडे ठेवायला दिली आहे. धम्मानंद सभेतून मधेच उठून गेले होते. संध्याकाळी माझी बॅग इथे आणून दिली. "मला आधी सांगायला पाहिजे होतंस," एवढंच म्हणाले. परत कधी न्यायला येतील ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. परभणीला मी इथून एसटीने जा-ये करीन. भीती वाटते आहे, ते लपवत नाही.

आता आईचं.

फळी आणली तेव्हा ती ओट्यावर बसली होती. तिला समोरून चित्र दिसत नाही, म्हणून तिने ती उलटी मांडीवर घेतली आणि पाठीवरून हात फिरवला. वरून खाली, खालून वर. "सिदूचा रंधा असाच असतोय," म्हणाली, "कुटं आडत न्हाई." मी तिच्यापुढे बसले आणि सांगायला लागले. पोत्यापर्यंत आले तेव्हा तिने मला थांबवलं.

"मला ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"पोतं तू चुलीपाशी ठिवलंस. काडी मी लावली. निळं निळं दिसलं मला. तवा डोळे चांगले व्हते माजे."

मी विचारलं, "मग बोलली का न्हाईस, आई?"

"एक लेकरू गेलंच व्हतं. दुसरं तरी नीट नांदाय जाऊ दे म्हनलं." ती फळीवरून हात फिरवतच होती. "दर म्हैन्याला त्याचा फोन आला की त्वांडापोतर यायचं. त्यो म्हनायचा, आई, जेवलीस का. म्या म्हनायची, जेवले."

अंधार पडला होता. शेजारणीने येऊन दिवा लावला. मग आई एकदम उठली, कनवटीची किल्ली काढून फळी कपाटात ठेवली आणि नेहमीच्या आवाजात, मला लहानपणी झाडलोट सांगायची त्या आवाजात बोलली, "सिदू येईल तवा त्याच्या आंगुळीला पानी तू तापव. आन जळन तुजं तू आन. माज्या घरातली काडीबी लावू नको."

आज रजा टाकली. सकाळी ओढ्याकडे जाऊन बाभळीच्या फांद्या तोडल्या. अकरा वर्षांत कोयता धरला नव्हता, दोन्ही हात काट्यांनी ओरबाडलेत, हे पत्र म्हणून असं वाकडंतिकडं येतंय. डोक्यावर मोळी घेऊन गावातून येताना लोक बघत होते. बघू देत.

जळण ओलं आहे, अंगणात उन्हाला पसरलंय. वाळायला आठ-दहा दिवस लागतील. तू त्याच्या आत आलास तर धूर होईल, पण पाणी तापेल.

रोहिणी